‘नेटिव्ह डान्सर’च्या वेष्टनावरील दुसरे नाव

गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावण्याची आपल्याकडील गायक-वादकांची रीत आहे. जॅझमध्ये अशी खूण नाही. तेथे ऋण मान्य करण्याच्या जागा निराळ्या : तबकडीचे वेष्टन, रचनेचे शीर्षक आणि शीर्षकाखाली बारीक अक्षरांत छापलेले रचनाकाराचे नाव. या शेवटच्या जागेशी पैसा जोडलेला असतो, म्हणून खरी परीक्षा तेथेच होते. ब्राझीलचे संगीत अमेरिकन जॅझमध्ये कसे आले, याचा इतिहास या तीन जागा तपासत वाचला तर बोसा नोव्हाच्या नेहमीच्या गोड कथेहून तो बराच वेगळा दिसतो.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. गिटारवादक चार्ली बर्ड १९६१ मध्ये ब्राझीलला गेला, तेथील नवे संगीत ऐकून परतला आणि १९६२ मध्ये स्टॅन गेट्झबरोबर त्याने ‘जॅझ साम्बा’ ही तबकडी काढली. ती अफाट खपली. मात्र तिच्यात वाजवणाऱ्यांत एकही ब्राझिलियन नव्हता. पुढे १९७१ मध्ये माइल्स डेव्हिसची ‘लाइव्ह-ईव्हल’ आली. तिच्यातील काही रचना एर्मेतो पास्कोआल या विलक्षण ब्राझिलियन संगीतकाराच्या. वादकांत त्याचे नावही आहे. पण रचनाकार म्हणून छापले गेले ते डेव्हिसचे नाव. डेव्हिसची थोरवी आम्हांला मान्य आहे. तरीही ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

या पार्श्वभूमीवर सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर (१९३३–२०२३) याचे वागणे पाहावे. आर्ट ब्लेकीच्या आणि नंतर डेव्हिसच्या वाद्यवृंदात त्याने रचनाकार म्हणून नाव कमावले होते. १९७० मध्ये जो झाविनुलसह ‘वेदर रिपोर्ट’ची स्थापना केली होती. म्हणजे शिकण्याचे वय सरले होते असे कुणीही म्हटले असते. पण ब्राझीलच्या बाबतीत तो विद्यार्थीच राहिला. १९६९ च्या ‘सुपर नोव्हा’त त्याने जोबिमची ‘जिंजी’ ही रचना घेतली आणि तालवाद्यांसाठी ऐर्तो मोरेरा या ब्राझिलियन वादकाला बोलावले. दुसरी शिक्षिका घरातच होती. त्याची पत्नी ॲना मारिया पोर्तुगीजभाषक. मिल्टन नासिमेन्तो या गायकाकडे त्याचे लक्ष वेधले ते तिने.

मिल्टन शॉर्टरहून नऊ वर्षांनी लहान. रिओत जन्मलेला, मिनास जेराइस प्रांतातील त्रेस पोन्तास या गावी दत्तक आईवडिलांकडे वाढलेला. त्याचे संगीत म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचा बोसा नोव्हा नव्हे. त्यात डोंगराळ मुलखातील चर्चची प्रार्थना आहे, खाणीच्या गावांची उदासी आहे आणि बीटल्सही आहेत. त्या काळी ब्राझीलवर लष्करी राजवट होती (१९६४–८५). १९७३ च्या ‘मिलाग्रे दोस पेशिस’ या तबकडीतील गीतांवर सेन्सॉरने कात्री चालवली, तेव्हा मिल्टनने शब्दांवाचून नुसत्या स्वरांत ती गायली. आपल्याकडे आलाप म्हणजे शब्दापलीकडचा आनंद. येथे तो शब्द हिरावून घेतल्याची साक्ष झाला.

सप्टेंबर १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला शॉर्टरने ‘नेटिव्ह डान्सर’ ध्वनिमुद्रित केली. १९७५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वेष्टनावर त्याच्या नावासोबत मिल्टनचे नाव आहे. आतील नऊ रचनांपैकी पाच मिल्टनच्या, शॉर्टरच्या स्वतःच्या तीनच आणि एक हर्बी हॅनकॉकची. स्वतःच्या तबकडीत एवढा प्रस्थापित रचनाकार अल्पमतात बसतो, ही साधी गोष्ट नव्हे. मिल्टनबरोबर त्याचे सहकारी वाग्नेर तीझो आणि रॉबर्तिन्यो सिल्वाही आले, ऐर्तो होताच. थोडक्यात, शॉर्टरने नुसती चाल उचलून आणली नाही, ती चाल जगणारी माणसे आणली.

तबकडी उघडते ती ‘पोन्ता दे आरेया’ने. मिनासला बाहियाच्या किनाऱ्याशी जोडणारा लोहमार्ग १९६६ मध्ये बंद पडला, त्याचे हे गाणे; शब्द फेर्नान्दो ब्रांत यांचे. नऊ मात्रांचे आवर्तन, पण बालगीतासारखे सोपे वाटणारे. आरंभी मिल्टनचा उंच, जवळजवळ मुलाचा वाटावा असा आवाज येतो आणि सॅक्सोफोन त्याच्यामागून, त्याच वाटेने चालतो. गायकाच्या स्वराला बिलगून साथ करणाऱ्या सारंगियाची आठवण आम्हांला येथे होते. जॅझ वादकाला अशा वेळी आपले कसब दाखवण्याचा मोह होतोच. शॉर्टर कितीतरी वेळ तो आवरतो. ‘मिलाग्रे दोस पेशिस’चे शीर्षकगीतही इंग्रजी नावाने येथे आहे. ‘लिलिया’ हे मिल्टनच्या दत्तक आईचे नाव.

आता शॉर्टरच्या तीन रचनांची शीर्षके पाहा. त्यांतील एक ‘ॲना मारिया’. दुसरी ‘डायना’, म्हणजे ऐर्तो आणि त्याची गायिका पत्नी फ्लोरा पुरीम यांची मुलगी. शिकवणाऱ्यांची नावे आणि त्यांच्या मुलाबाळांची नावे! काही समीक्षकांना ही तबकडी अती गोड वाटते. आम्हांला ते पटत नाही, पण मतभेदाला जागा आहे. रचनाकारांच्या यादीविषयी मात्र मतभेदाला जागा नाही.

ॲना मारिया १९९६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या विमान अपघातात गेली. शॉर्टर २ मार्च २०२३ रोजी गेला. त्याच्या अखेरच्या वर्षांतली सहकारी, गायिका आणि बासवादक एस्परान्झा स्पॉल्डिंग, हिने २००८ मधील आपल्या तबकडीचा आरंभ ‘पोन्ता दे आरेया’नेच केला होता. २०२४ मध्ये तिने वृद्ध मिल्टनबरोबर संपूर्ण तबकडी केली. तिच्यात शॉर्टरचीही एक रचना आहे. त्या तबकडीला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. फेब्रुवारी २०२५ च्या समारंभात मिल्टनला मुख्य कलावंतांच्या टेबलांवर जागा दिली गेली नाही. स्पॉल्डिंग त्याचे छायाचित्र हाती घेऊन आपल्या जागी बसली.