हरणाऱ्या संघाचे पाठीराखे

राधानगरीतल्या आपल्यासारख्या पोरांना फुटबॉलचे वेड लावले ते कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमने. तिथे संघ तालमींचे: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. हंगामभर संघ हरला, तरी पेठ त्याला सोडत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४; तिन्ही सामने गेले. मात्र कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जिक्सन सिंगने हेडरवर बरोबरी साधली. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल! पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. बरोबरीचा आनंद मिनिटभराचा. पण पहिल्या पराभवानंतरही जे सामना बघायला बसले, त्यांनाच तो मिळाला.