दगड आणि वही

१६१० मध्ये खडकी नगर वसविणारा मलिक अंबर १६२६ त वारला. खुल्दाबादेस त्याची कबर आहे, आणि ती कोणाची हे सांगावयास इतिहास आहे. सामान्य मृताचे तसे नाही. त्याच खडकीच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, छावणीत इंग्रजी फौजेच्या काळातील ख्रिस्ती थडगी आहेत. शिळेवरील अक्षरे झिजली की पणजोबांचा शोध घेणारा वंशज तेथेच थबकतो. मग त्यास कागदाचाच आधार. पाद्री लोक दफनाच्या नोंदी ठेवीत व त्यांच्या प्रती इलाख्यांमार्फत विलायतेस जात. ते संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

बहुतेक हिंदू घराण्यांत दहनाची चाल असल्यामुळे वाचावयास शिळाच नसते. परंतु नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजाचे गाव, कुळ, भाऊबंद, क्वचित् त्याचे हस्ताक्षरही सापडते. मात्र ज्यास यात्रा घडली नाही त्याची नोंद नाही. आणि सासरी गेलेली लेक माहेरच्या वंशावळीतून बहुधा गळते.

म्हणून घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवरच आजी-पणजींची माहेरची नावे विचारून लिहून ठेवावीत. शिळा व वही या दोहोंनी जे गाळिले, ते एवढ्यानेच राहील.