पूर्वीचं नाव

२००९ सालच्या मार्चमधली गोष्ट. नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळांची देखभाल तेव्हा माझ्याकडे होती. तीन प्रयोगशाळा, ८८ संगणक. त्या सगळ्यांची नावं मी एका रात्रीत बदलली. हाताने बदलायची तर दोन दिवस गेले असते. मी चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि तिने ते काम तासाभरात उरकलं. दुसऱ्या दिवशी जे झालं त्याची लाज मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिली. मग कधीतरी पांडवलेण्यांतले शिलालेख वाचायचा नाद लागला, आणि तिथे माझी चूक टाळलेला एक माणूस भेटला. तो सातवाहनांचा राजा होता.

आधी जुन्या नावांविषयी. प्रयोगशाळेचे सहायक निवृत्तीला आले होते. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत सगळे त्यांना काका म्हणत. पहिले संगणक आले तेव्हापासून त्यांची नावं काकाच ठेवत आले होते. पहिल्या प्रयोगशाळेत जिल्ह्यातले किल्ले: साल्हेर, मुल्हेर, धोडप, रामशेज, हरिहर. अंकाई आणि टंकाई अर्थातच शेजारी-शेजारी. दुसरीत नद्या: दारणा, कादवा, गिरणा, मोसम, वालदेवी. तिसरीपर्यंत नद्या संपल्या, मग बाजाराची गावं आली. "काका, दारणा अडली," असं एखादं पोर ओरडलं की काका नेमके त्याच टेबलाशी जाऊन उभे राहत.

असं करणारे काका एकटे नव्हते. अर्पानेटच्या काळात जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि ते काम एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे होतं. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचं, त्यांनी यादीत नोंद करायची, मग बाकीच्यांनी ताजी यादी उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी ही पद्धत पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची उतरंड मांडली. इंटरनेटवरचे पत्ते आजही तिच्यावरच चालतात. १९९० साली डॉन लिब्स यांनी संगणकाला नाव कसं द्यावं यावर एक छोटं टिपण लिहिलं. त्यातला एक सल्ला असा की माणसाचं किंवा प्रकल्पाचं नाव देऊ नये, कारण माणूस बदलतो, प्रकल्प संपतो. दुसरा असा की एखादा विषय धरून नावं द्यावीत, ती लक्षात राहतात. काकांनी ते टिपण वाचलेलं असणं शक्य नव्हतं. त्यांनी किल्ले धरले होते.

मग मी ती का बदलली? साठा तपासणीसाठी. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणकांची नोंद बिलाप्रमाणे होती: अमुक कंपनी, अमुक अनुक्रमांक. पडद्यावर मात्र 'धोडप' दिसायचं. धोडप म्हणजे रजिस्टरमधला कितवा, हे काकांखेरीज कोणाला सांगता येत नव्हतं. एखादा संगणक फॉरमॅट केला की विंडोज त्याला स्वतःच्या मनाने अगम्य अक्षरांचं नाव ठेवून देई, आणि काका आठवणीने ते पुन्हा बदलत. मला हे सगळं एका माणसाच्या डोक्यावर चालणं धोक्याचं वाटत होतं. वाटणं चुकीचं नव्हतं.

उपाय सरळ होता. संगणकाच्या मदरबोर्डवर एक चिप असते आणि तिच्यात कारखान्याने लिहिलेली माहिती असते: बनवणारा कोण, मॉडेल कोणतं, अनुक्रमांक काय. हार्ड डिस्क बदला, विंडोज पुन्हा टाका, ती माहिती तशीच राहते. स्क्रिप्टने ती विचारायची, विरामचिन्हं आणि मोकळ्या जागा गाळायच्या, पहिली पंधरा अक्षरं ठेवायची आणि तेच नाव संगणकाला देऊन तो पुन्हा सुरू करायचा. पंधराच का, तर विंडोजच्या नेटवर्कमध्ये नावाला सोळा जागा राखलेल्या असतात आणि सोळावी जागा हे नाव कोणत्या सेवेचं आहे ते सांगायला लागते. १९८०च्या दशकातल्या नेटबायॉस नावाच्या व्यवस्थेचा हा वारसा. थोडक्यात, मी संगणकाला त्याच्या आईवरून नाव देत होतो.

सकाळी नऊ वाजता कळलं की ८८ पैकी २७ संगणकांचं नाव एकच आहे.

ते २७ संगणक स्थानिक दुकानातून सुटे भाग जोडून घेतलेले होते. अशा मदरबोर्डवर अनुक्रमांक भरायचं काम संगणक जुळवणाऱ्याचं असतं आणि ते सहसा कोणी करत नाही. मग त्या रकान्यात मूळचं भरणावळीचं वाक्यच राहून जातं: 'टू बी फिल्ड बाय ओईएम', म्हणजे 'उत्पादकाने भरावे'. स्क्रिप्टला वाक्य आणि अनुक्रमांक यांतला फरक कळत नव्हता, कारण मीच तो तिला सांगितला नव्हता. त्या इंग्रजी वाक्यातली टिंबं आणि मोकळ्या जागा काढल्या की बरोबर पंधरा अक्षरं उरतात. नाव चपखल बसलं होतं. प्रत्येक पडद्यावर विंडोजची तक्रार होती की नेटवर्कवर याच नावाचा दुसरा संगणक आहे.

त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मुलांनी प्रोग्राम लिहायचा, चालवून दाखवायचा आणि छापील प्रत उत्तरपत्रिकेला जोडायची. तीनही प्रयोगशाळांची छपाई पहिल्या प्रयोगशाळेतल्या एका प्रिंटरवर होई आणि तो प्रिंटर धोडपला जोडलेला होता. बाकीचे सगळे संगणक नेटवर्कवर 'धोडप' शोधत होते. धोडप नावाचं आता तिथे कोणी नव्हतं. बाहेरचे परीक्षक आले होते, पोरं ओळखपत्रं गळ्यात घालून उभी होती आणि कागद निघत नव्हता. मी जुनं नाव आणि नवं नाव यांची जोडी कुठेच लिहून ठेवली नव्हती. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी एक ओळ पुरली असती.

काकांनी आपल्या टेबलाच्या खणातून एक लाँगबुक काढलं. त्यात टेबलांचे नकाशे होते. प्रत्येक चौकोनात नाव, आणलेली तारीख, दुरुस्त्या, कोणता माऊस कधी बदलला ते. ते वाचत गेले आणि मी टाइप करत गेलो. परीक्षा दीड तास उशिरा सुरू झाली. लेखी खुलासा मागवला गेला तो काकांकडून, कारण कागदोपत्री प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती. मी माझी चूक लिहून दिली, पण दोन दिवसांनी. ते दोन दिवस काका माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते.

आता नाशिकच्या दुसऱ्या, फार जुन्या नामांतराकडे येतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे: एका बाजूला डोंगरासारखं दिसणारं चैत्याचं चिन्ह आणि भोवती त्याचं नाव, दुसरीकडे उज्जैनी चिन्ह. नहपानाचा पराभव झाला होता. गौतमीपुत्राने त्याची चांदी वितळवली नाही, तिच्यावरच नवं नाव उमटवून ती चालवली. पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचं नाक, केस, अर्धवट अक्षरं डोकावतात. इतिहासकारांना त्याचाच उपयोग झाला. कोणी कोणाला हरवलं, कोण आधी आणि कोण नंतर, हे त्या एकावर एक बसलेल्या दोन नावांनीच पक्कं केलं.

या राजाचं नावही आईवरून आहे. गौतमीचा पुत्र तो गौतमीपुत्र. त्याची आई गौतमी बलश्री. तिचा मोठा लेख पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात आहे, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षातला. क्षहरातांचा वंश आपल्या मुलाने निःशेष केला, असं ती त्यात अभिमानाने सांगते. पण आईवरून ठेवलेली नावंही पुरत नाहीत, कारण गौतमी, वासिष्ठी ही गोत्रावरून आलेली नावं. पुळुमावी वासिष्ठीपुत्र आणि कान्हेरीच्या लेखातला सातकर्णीही वासिष्ठीपुत्र. नुसतं 'वासिष्ठीपुत्र' वाचून कोणता, हे सांगता येत नाही. पुढचं नावही लागतं. माझ्या २७ संगणकांची गत याहून वेगळी नव्हती.

मला थांबवलं ते त्याच लेण्यातल्या आणखी एका लेखाने. तो गौतमीपुत्राच्या १८व्या राज्यवर्षातला, गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला पाठवलेला हुकूम आहे. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरच्या वाटेवरचं गोवर्धन. अपर-कखडी गावातलं २०० निवर्तनं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे, असा त्याचा आशय. आणि हे शेत कोणतं? तर आजवर उषवदाताकडे असलेलं. हा उषवदात नहपानाचा जावई. त्याचे दानलेख त्याच डोंगरातल्या दहाव्या लेण्यात आजही वाचता येतात, सासऱ्याच्या नावासकट.

ज्या घराण्याचा निःशेष नाश केला त्याच घराण्यातल्या माणसाचं नाव राजाने हुकुमात लिहिलं. यात काही मनाचा मोठेपणा असेलच असं नाही. शेत सापडायला हवं होतं. विष्णुपालिताच्या कारकुनांना ते जुन्या मालकाच्या नावानेच ठाऊक असणार. पुढे २४व्या राज्यवर्षातला दुसरा हुकूम सांगतो की ते गाव वसलेलं नाही आणि ते शेत कसलं जात नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली १०० निवर्तनं द्यावीत. म्हणजे पहिला हुकूम चुकीचा ठरला. दुरुस्त करणाऱ्याने तो फोडून टाकला नाही. नवा त्याच्या खाली कोरवला.

नाशिकरोडला १९२८पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे क्रमांक म्हणजे काय हे या शहराला शिकवायला नको. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी दुसरी घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००६ साली तारांकित क्रमांकांची पद्धत आणली. बदली नोट क्रमांकातच एक तारा घेऊन येते. मी दुसऱ्याच्या जागी आले आहे, हे ती लपवत नाही.

काकांचं लाँगबुक मी नंतर नीट पाहिलं. परीक्षा संपल्यावर त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक चौकोनात निळ्या शाईने एक ओळ वाढवली होती. ६१ संगणकांचे खरे अनुक्रमांक त्यांनी माझ्याकडून मागून घेतले आणि नावाखाली लिहिले. उरलेल्या २७ना आम्ही नेटवर्क कार्डाच्या क्रमांकातली शेवटची सहा अक्षरं दिली. तो क्रमांक बहुधा कोणी रिकामा ठेवत नाही. प्रिंटरच्या संगणकाचं नाव मात्र धोडपच ठेवायचं, असं त्यांनी सांगितलं आणि मी वाद घातला नाही. त्या जूनमध्ये ते निवृत्त झाले.

त्यानंतर मी अनेक ठिकाणी संगणकांची नावं बदलली आहेत. स्क्रिप्ट आता बरीच मोठी झाली आहे. रिकामा अनुक्रमांक, शून्यांची माळ, 'उत्पादकाने भरावे' हे सगळं ती ओळखते आणि अशा यंत्राला हात न लावता माझ्यासाठी वेगळी यादी करते. पण तिचं पहिलं काम नाव बदलणं हे नाही. ती आधी एका फाइलमध्ये तारीख लिहिते, नवं नाव लिहिते आणि तिसऱ्या रकान्यात जुनं. त्या रकान्याचं शीर्षक मी काकांच्या वहीतून घेतलं आहे: 'पूर्वीचं नाव'.