रुपयामागे एक आणा

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. नवी कंपनी, चांगला पगार. म्हणाला, "मामा, पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पण पासबुकात तीन महिने काही जमाच नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, होईल, होईल."

मी म्हटलं, "स्लिपा जपून ठेव. एकही टाकू नकोस." आणि मग त्याला त्याच्या आजोबांची, म्हणजे माझ्या बाबांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय. इंदूरच्या गिरण्यांचा विषय निघाला की आपल्याला भोंगा आठवतो, अनंत चतुर्दशीच्या झांक्या आठवतात, पाटनीपुऱ्यातली पगाराच्या दिवशीची गर्दी आठवते. पगाराच्या चिठ्ठीवरचा एक रकाना मात्र कोणी आठवत नाही. आमच्या घरात दोन पिढ्यांनी तो रकाना लिहिला.

आमचं घराणं होळकरांच्या दफ्तरातलं. संस्थान विलीन झाल्यावर इंदूरच्या कितीतरी मराठी घरांसारखं आमचंही झालं. दौत-लेखणी तीच, मालक बदलले. अण्णा (माझे आजोबा) एका कापड गिरणीच्या पगार खात्यात कारकून म्हणून लागले. गिरणीचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायची ते ओळखतील.

1952 साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला आणि 1 नोव्हेंबरपासून योजना लागू झाली. सुरुवातीला फक्त सहा उद्योग धरले होते, त्यात कापड होतं. पन्नास किंवा जास्त माणसं असलेला कारखाना, आणि कपात मूळ पगार व महागाई भत्त्यावर सव्वासहा टक्के. टक्के कोणाला कळणार? अण्णा खिडकीतून प्रत्येकाला समजावत, "रुपयामागे एक आणा तुझा कापणार, एक आणा मालक घालणार, दोन्ही सरकारकडे तुझ्या नावावर राहणार." सोळा आण्यांचा रुपया, त्यातला एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा टक्के. सुरुवातीला लोक चिडले होते म्हणे. हातात येणाऱ्या पगारातून एक आणा कमी होणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. पण पुढे पहिला माणूस निवृत्त होऊन फंडाचे पैसे घेऊन आला, त्यातून त्याने घरावर पक्कं छप्पर घातलं, आणि मग कुरकुर थांबली. कामगार त्याला निधी-बिधी म्हणत नसत. "फंड" म्हणत. मुलीचं लग्न, गावचं कर्ज, म्हातारपण, सगळं त्या एका शब्दावर.

1963 मध्ये बाबा त्याच खात्यात लागले. पगारपत्रकात प्रत्येक नावापुढे हजेरी, एकूण पगार, मग कपाती: फंड, कामगार विमा, सोसायटी, ॲडव्हान्स. शेवटी हातात द्यायची रक्कम. नियम असा की महिना संपल्यावर 15 दिवसांच्या आत कामगाराचा आणि मालकाचा हिस्सा चलनाने बँकेत भरायचा. भविष्य निधीचं प्रादेशिक कार्यालय इंदुरातच. बाबा सांगायचे, चलनाची प्रत फाइलला लावली की महिना संपल्यासारखा वाटायचा.

1980 नंतर गिरण्यांची तब्येत बिघडली. यंत्रं जुनी, यंत्रमागाचं कापड स्वस्त, बँका कर्ज देईनात. आमच्याही गिरणीत पगार उशिरा होऊ लागले. आणि एका महिन्यात चलन निघालं नाही. पुढच्या महिन्यातही नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मलाही ती फार उशिरा कळली. मला वाटायचं की मालकाने कापलेले पैसे एका पेटीत ठेवले आणि ती पेटी पळवली. तसं काही नव्हतं. बाबा म्हणाले, "पेटी नव्हतीच रे. एकूण पगार एक लाख असेल, कपाती जाऊन नव्वद हजार वाटायचे असतील, तर बँकेतून नव्वदच काढायचे. वरचे दहा कधी आलेच नाहीत. ते फक्त माझ्या अक्षरात होते."

म्हणजे कपात कागदावर झाली आणि कामगाराने एका परीने गिरणीला बिनव्याजी, न विचारता, कर्ज दिलं. वीज मंडळाचं बिल थकलं तर वीज तोडतात. कापसाचा व्यापारी गाडी परत नेतो. फंड असा देणेकरी आहे जो दारात येऊन ओरडत नाही. ज्याचे पैसे त्याला पत्ताच नसतो. म्हणून तंगी आली की सगळ्यात आधी त्यालाच थांबवतात.

कायद्याने मात्र यात फरक केलेला आहे. मालकाने स्वतःचा हिस्सा भरला नाही तर ती थकबाकी. पण कामगाराच्या पगारातून कापून ते भरले नाहीत, तर तो विश्वासघाताचा गुन्हा. 1973 साली भारतीय दंड विधानाच्या कलम 405 मध्ये हे स्पष्टीकरण घातलं: कापलेली रक्कम मालकाकडे सोपवलेली ठेव मानायची. दोन वर्षांनी कामगार विम्याच्या कपातीलाही तेच लागू झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. आता न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये पाच वर्षांपर्यंत आहे. एका ओळीत सांगायचं तर कापलेला पैसा मालकाचा कधीच नसतो. तो गिरणीतून फक्त जाणारा असतो.

बाबांना हे माहीत होतं. पगार खात्यातल्या माणसाला नाही तर कोणाला माहीत असणार? त्यांनी मोठ्या साहेबांना दोनदा विचारलं. उत्तर मिळालं, "गिरणी चालू ठेवायची की बंद करायची, सांगा." तिसऱ्यांदा विचारलं नाही. घरात आम्ही तीन भावंडं शिकत होतो. ते दर महिन्याला तो रकाना भरत राहिले.

बिंग फुटलं ते एका लग्नामुळे. आमच्या गल्लीच्या टोकाला वाइंडिंग खात्यातले एक गृहस्थ राहत. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे खानदेशातले. मुलीच्या लग्नासाठी फंडातून स्वतःच्या हिश्शाच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येत असे. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं की बऱ्याच महिन्यांची रक्कम जमाच नाही. हिशेबापेक्षा कमी पैसे मिळाले. त्या संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर आले, हातात पत्र्याचा डबा. त्यात चौदा वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, सुतळीने बांधलेल्या. वाचता येत नव्हतं त्यांना. एक चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाले, "बाबूजी, अक्षर तुमचंच ना?"

बाबा काहीच बोलले नाहीत. आई आतून पाणी घेऊन आली, काकांनी ते घेतलं नाही. ते उठून गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबांना मान खाली घातलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे दोन वर्षांनी गिरणी बंद पडली. युनियनने तक्रार केली, भविष्य निधी कार्यालयाने चौकशी लावली. कायद्याच्या 7-अ कलमाखाली अधिकारी मालकाला बोलावतो, रजिस्टरं मागवतो आणि थकबाकी किती ते ठरवतो. त्यावर बारा टक्के व्याज आणि वेगळा दंड. पण ठरवायला आधी कागद लागतात. व्यवस्थापनाने सांगितलं, रजिस्टरं पावसात भिजली, वाळवी लागली.

तेव्हा काकांचा डबा कामाला आला. आणखी लोकांनी चिठ्ठ्या आणल्या. कोणी पोथीत ठेवलेल्या, कोणी रेशन कार्डात. पण चिठ्ठीवर शिक्का नसायचा, नुसतं हाताने लिहिलेलं. हे खरं कशावरून? युनियनच्या लोकांनी बाबांना विचारलं, तुम्ही साक्ष द्याल का? बाबांची स्वतःची ग्रॅच्युइटी अडकलेली होती. गिरणीच्या जुन्या मंडळींकडून निरोपही आला, सबुरीने घ्या.

ते गेले. अधिकाऱ्यासमोर एकेक चिठ्ठी हातात घेऊन म्हणाले, "हे अक्षर माझं. ही रक्कम मी कापली. त्या महिन्याचं चलन निघालेलं नाही, हेही मला माहीत होतं." हे शेवटचं वाक्य त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

थकबाकीचा आदेश झाला. पैसे यायला मात्र सात वर्षं लागली, कारण गोदाम आणि यंत्रं विकल्यावरच वसुली झाली. काका तोवर गेले होते. पैसे काकूंना मिळाले. त्या पेढे घेऊन आमच्याकडे आल्या, आणि बाबांनी त्यातला एक पेढा खाल्ला. एवढीच त्यांची सुटका.

आपल्या शहरात यापेक्षा मोठी वाट लोकांनी पाहिली आहे. हुकुमचंद मिल 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला तो 25 डिसेंबर 2023 रोजी. तीस वर्षांहून जास्त काळ! पैसे घ्यायला कितीतरी घरांतून मुलं-नातवंडं आली.

मधल्या काळात कायदा कामगाराच्या बाजूने थोडा सरकला. 2009 मध्ये महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बँकेकडे गहाण असलेल्या साखरेवरही आधी हक्क फंडाच्या थकबाकीचा. 2016च्या दिवाळखोरीच्या कायद्यात कामगारांच्या भविष्य निधीची रक्कम विक्रीच्या मालमत्तेतच धरू नये असं लिहिलं. अण्णांनी खिडकीतून सांगितलेलं "तुझ्या नावावर राहणार" हे शब्द कायद्याला पक्के करायला साठ वर्षं लागली.

भाच्याला मी एवढंच सांगितलं. दर महिन्याला पासबुक बघ. जमा नसेल तर पहिल्याच महिन्यात लेखी विचार, तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नकोस, आणि उत्तर नाही आलं तर भविष्य निधी कार्यालयात तक्रार कर. तो म्हणाला, "आणि मामा, आमच्या अकाउंट्समध्ये बसतो तो मुलगा माझा मित्र आहे. त्याला माहीत असेल का?"

मी म्हटलं, "माहीत असणारच. त्याच्यावर ओरडू नकोस. त्याला तुझ्या आजोबांची गोष्ट सांग."

काकांच्या त्या चिठ्ठ्यांपैकी एक काकूंनी बाबांना दिली होती. ती अजून आमच्याकडे आहे. तुमच्या घरातही जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या तर रद्दीत घालू नका, मंडळी. आपल्या लोकांचा इतिहास बराचसा त्या रकान्यांत आहे.