छेदाची जागा आणि वेदनेची जागा

बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात १५ जुलै १८८२ रोजी कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने पित्ताशय प्रथमच समूळ काढून टाकले. रोगी त्रेचाळीस वर्षांचा, सोळा वर्षे पोटशूळाने गांजलेला. दुसऱ्या दिवशी तो फारसा न कण्हता चिरूट ओढीत होता, अशी नोंद आहे. परंतु त्यावरून पुढील शतकातील रोग्यांचे सुख मोजू नये! त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला आला तो बर्नच्या थिओडोर कोखर यांच्या नावाने ओळखला जाणारा, उजव्या फासळ्यांच्या कडेखालून तिरपा जाणारा वीतभर छेद. त्यातून पित्ताशय उत्तम दिसे. मात्र पोटाचा सरळ स्नायू आडवा कापला जाई आणि फासळ्यांमधून उतरणाऱ्या काही मज्जातंतूंवरही सुरी फिरे. पोटाचा हा वरचा भाग श्वासागणिक हालतो. त्यामुळे रोगी खोकावयास भिई, श्वास उथळ घेई, छातीत कफ साठे. आणि पित्तखड्यांतून सुटलेला माणूस न्यूमोनियाच्या तावडीत सापडण्याची धास्ती राही. वेदना ही केवळ सोसण्याची बाब नव्हती, ती यामुळे.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. पुढल्या वर्षी जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडले, तेव्हा त्यांची थट्टाच झाली. मोठा छेद घेणारा तो मोठा शल्यविशारद, अशीच तेव्हाची समजूत होती. १९८७ मध्ये ल्योंच्या फिलिप मूरे यांनीही हा मार्ग चोखाळला आणि मग तो झपाट्याने पसरला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली.

आता बहुधा चार छिद्रे पाडतात: एक बेंबीशी, एक छातीच्या मधल्या हाडाखाली, दोन उजव्या फासळ्यांखाली, कोणतेही सुमारे एक सेंटिमीटरहून मोठे नसते. रोगी बहुधा एकदोन दिवसांत घरी जातो. तथापि वेदना नाहीशी झाली नाही. तिने जागा बदलली. खड्यांनी भरलेले पित्ताशय बेंबीशी असलेल्या छिद्रातून ओढून काढताना ते छिद्र ताणावे लागते, म्हणून तेथे ठणका अधिक. काही शल्यविशारद यासाठी वरचे छिद्र पसंत करतात. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

याहून चमत्कारिक म्हणजे, जेथे सुरी लागलीच नाही तो खांदा दुखतो! पोट फुगविण्यासाठी भरलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू श्वासपटलाला डिवचतो. श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतून निघतो, आणि खांद्याच्या संवेदनाही मज्जारज्जूच्या त्याच भागात पोचतात. साहजिकच मेंदू फसतो. वायूचा दाब कमी ठेवला आणि शेवटी तो नीट बाहेर काढला, तर हे दुखणे सौम्य होते व दोनतीन दिवसांत ओसरते. आधी कल्पना न दिलेला रोगी मात्र मध्यरात्री हृदयविकाराच्या भीतीने उठून बसतो. अर्थात छातीवर दाब, धाप, ताप, कावीळ किंवा वाढती पोटदुखी असेल, तर वायूवर खापर फोडून चालत नाही. तेव्हा डॉक्टरांना तत्काळ बोलवावेच लागते.