प्रवासासाठी वाय-फाय हॉटस्पॉट निवडताना

खिशात मावणारा वाय-फाय हॉटस्पॉट सिमकार्डाद्वारे मिळणारे इंटरनेट एकाच वेळी अनेक फोन व लॅपटॉपना पुरवितो. खरेदी करताना किमतीआधी फ्रिक्वेन्सी बँड तपासावेत. भारतात फोर-जी सेवा प्रामुख्याने ८५०, ९००, १८००, २१०० व २३०० मेगाहर्ट्झवर चालते. पैकी ८५० व ९००च्या लहरी अधिक दूर पोहोचत असल्याने विरळ वस्तीच्या भागात त्या उपयुक्त ठरतात. परदेशातून आणलेल्या उपकरणात हे बँड असतीलच असे नाही. एका कंपनीपुरता 'लॉक' केलेला हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचे सिम स्वीकारत नाही. विमानप्रवासात सुटी लिथियम बॅटरी हातातील सामानातच ठेवावी लागते. मुक्कामाच्या गावी कोणत्या कंपनीचे नेटवर्क मिळते, याची चौकशी करूनच सिम व उपकरण निवडणे श्रेयस्कर.