गिटारच्या ध्वनिवर्धकांतील तारांची मांडणी

विजेच्या गिटारविषयीं बोलणारे लोक वाद्याबद्दल भरभरून बोलतात, वादकांबद्दल त्याहूनहि अधिक. परंतु त्या वाद्याचा क्षीण स्वर ज्या पेटींतून सभागृहभर घुमतो, तिच्या पोटांत काय आहे याची चौकशी क्वचितच होते. आज आपण तेथेंच डोकावूं, आणि त्यांतहि केवळ तारांच्या मांडणीचा विचार करूं. विषय कोता वाटेल. पण एकाच आराखड्यावरून, तेच व्हाल्व्ह आणि तेच कंडेन्सर घेऊन बांधलेल्या दोन यंत्रांपैकीं एक गोड बोलतें व दुसरें नुसतें गुणगुणतें, असें जेव्हां घडतें, तेव्हां दोष बहुधा तारा कोठून कशा नेल्या यांतच सांपडतो.

अडचण मुळांतच आहे. गिटारच्या वेटोळ्यांतून निघणारा विद्युद्दाब व्होल्टाच्या लहानशा अंशाएवढा, आणि मोठ्या यंत्रांत शेवटच्या व्हाल्व्हला लागणारा दाब चारशें व्होल्टांच्या घरांतला. राजा आणि रंक एकाच पत्र्याच्या चासींत नांदतात! शिवाय व्हाल्व्हचे तंतु तापविणारा ६.३ व्होल्टांचा प्रवाह अमेरिकेंत सेकंदाला ६० आवर्तनें करतो. त्याची तार पहिल्या व्हाल्व्हच्या ग्रिडच्या तारेला समांतर गेली, तर गाण्याआधीं गुणगुणच ऐकूं येते. म्हणून तंतूंच्या दोन तारांना एकमेकींभोंवतीं पीळ देतात. एकींतून जाणारा व दुसरींतून येणारा प्रवाह यांचीं चुंबकीय क्षेत्रें परस्परांस मारतात. त्याहून कपटी दुखणें निराळेंच. शेवटच्या टप्प्याची तार पहिल्या टप्प्याजवळ आली, कीं वाढलेला स्वर मागें फिरून पुन्हा वाढतो आणि यंत्र आपण होऊन शीळ घालूं लागतें. कधीं ही शीळ इतकी उच्च असते कीं, ती मनुष्याच्या कानाला ऐकूंच येत नाहीं. स्वर मात्र मलूल होतो आणि व्हाल्व्ह विनाकारण तापतात.

कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचा लिओ फेंडर हा रेडिओदुरुस्तीच्या धंद्यांतून आलेला मनुष्य. १९३८ पासून त्याचें तेथें दुकान होतें. १९४५ मध्यें डॉक कॉफमन याच्या भागींत त्यानें गिटारें व लहान ध्वनिवर्धक करण्यास आरंभ केला, आणि १९४६ मध्यें स्वतःची कंपनी काढली. त्या काळीं पुष्कळ रेडिओंत प्रत्येक भाग एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंत अधांतरीं झाळलेला असे. उघडून पाहावें तों कोळ्याचें जाळें. फेंडरनें रूढ केलेली मांडणी वेगळी होती. तंतुमय पुठ्ठ्याची लांब पट्टी, तिच्यावर पितळी डोळ्यांच्या दोन रांगा, आणि त्यांच्यामध्यें शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें बसविलेले भाग. स्वर एका टोकानें शिरे आणि व्हाल्व्हमागून व्हाल्व्ह ओलांडीत पुढें जाई. वीज पुरविणारा ट्रान्स्फॉर्मर दुसऱ्या टोकाला, शक्य तितका दूर. नदीनें उगमाकडे वळूंच नये, अशी ही योजना. यांत दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टि मला स्पष्ट दिसते: बिघडलेला भाग चटकन् नजरेस पडावा आणि दोन डाग सोडवितांच निघावा. (एक वैगुण्य मात्र सांगितलें पाहिजे. हा पुठ्ठा ओल धरतो, आणि ओलावला कीं नको तेथें वीज झिरपूं देतो. कोंकणच्या पावसाळ्यांत त्याचें कांहीं खरें नाहीं.)

पट्टी चासीबाहेर मेजावर भरतां येई, आणि नकाशा समोर असल्यामुळें हातानें केलेलीं शेंकडों यंत्रें जवळजवळ सारखीं उतरत. फुलर्टनच्या कारखान्यांत हें झाळकाम बहुतांशीं स्त्रिया करीत. त्यांत मेक्सिकन वंशाच्या पुष्कळ होत्या. काम पुरें झालें कीं चिकटपट्टीच्या तुकड्यावर आपलें पहिलें नांव लिहून तो चासींत लावण्याची तेथें चाल होती. वादकांचीं नांवें जगभर झालीं. यांचीं पत्र्याच्या आंत राहिलीं.

फेंडरच्या १९५८ ते १९६० या काळांतील बासमन यंत्रांत दहा इंची चार कर्णे होते. लंडनच्या हॅनवेल भागांतील ढोलवादक जिम मार्शल याच्या दुकानीं, १९६२ च्या सुमारास, केन ब्रॅन व डडले क्रेव्हन यांनीं हेंच यंत्र समोर ठेवून आपलें बांधलें. आराखडा जवळजवळ तोच; चासी ॲल्युमिनियमची, कर्णे बारा इंची, पहिला व्हाल्व्ह अधिक वर्धनशक्तीचा, आणि स्वर अधिक रांगडा.

१९६५ मध्यें फेंडरनें आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लक्ष डॉलरांस विकली. उत्पादन वाढलें, तारा लांब व सैल पडूं लागल्या, आणि न ऐकूं येणारी ती शीळ परत आली. उपाय काय केला? तारा सरळ करण्याऐवजीं १९६८ च्या सुमारापासून कांहीं नमुन्यांत शेवटच्या व्हाल्व्हच्या ग्रिडपाशीं लहान कंडेन्सर जोडले. शीळ थांबली, पण त्यासरशीं स्वराची धारहि थोडी बोथट झाली. आजचे कारागीर हीं यंत्रें दुरुस्तीस घेतात, तेव्हां प्रथम मोठ्या कंडेन्सरांत उरलेली वीज उतरवितात, कारण बटण बंद केल्यावरहि ती प्राणघातक असूं शकते. मग ते वरून जोडलेले कंडेन्सर काढून टाकतात, आणि एकेक तार आंखूड करून, चासीच्या पत्र्याला लगटून, पुन्हा मूळच्या जागीं बसवितात.